आंकड्यांनीं विणलेला पोत

कापडाच्या दुकानांत घरांतील वडील माणसें ठाण उलगडल्याबरोबर त्याचा पदर दोन बोटांत धरून चोळून पाहतात. रंग डोळ्यांना कळतो, पण पोत बोटांनाच कळावा लागतो, अशी त्यांची खात्री असते. चित्रकाराला ही सोय नाहीं. त्यानें रंगविलेला दगड हाताला कागदाइतकाच गुळगुळीत लागतो, आणि तरीहि तो पाहणाऱ्यास खरखरीत वाटला पाहिजे. संगणकावर चित्र काढणाऱ्याची अडचण तर याहून मोठी. तैलचित्रांत निदान रंगाचा थर जाड देतां येतो. संगणकाचा पडदा म्हणजे केवळ कांच. त्या कांचेमागें लक्षावधि सूक्ष्म प्रकाशबिंदु चौकटींच्या कागदावरील घरांप्रमाणें ओळीनें मांडलेले असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. साध्या करड्या चित्रांत प्रत्येक बिंदूस शून्यापासून २५५ पर्यंतचा एक आंकडा दिलेला असतो. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, आणि मधले सर्व आंकडे म्हणजे कमीअधिक करड्या छटा. ह्या आंकड्यांपलीकडे त्या चित्रांत दुसरें कांहींहि नसतें. असें असतां त्या कांचेवर डोंगर मागें सरतो, संत्र्याची साल खडबडीत दिसते, लांकडाच्या शिरा उमटतात, हें कसें घडतें?

हातांत कुंचला न घेतां केवळ आज्ञावली लिहून, म्हणजे कोणतें गणित कोणत्या क्रमानें करावयाचें तें संगणकास सांगून, अशीं चित्रें काढणारे कलावंत आज जगांत पुष्कळ आहेत. त्यांच्या कलेचीं कांहीं मूलतत्त्वें शाळेंतल्या गणितानें समजण्याजोगीं आहेत. तीं येथें सांगण्याचा विचार आहे. विद्यार्थ्यांनीं जवळ चौकटींचा कागद व पेन्सिल घेऊन बसावें. संगणक आतांच नसला तरी चालेल.

प्रथम खोलीविषयीं. मराठींत विहिरीची खोली आणि राहण्याची खोली यांना एकच शब्द आहे, आणि चित्रकाराच्या दृष्टीनें हा योगायोग फार सोयीचा आहे; कारण त्याला कांचेमागें खरोखरच एक खोली उभी करावयाची असते व तींत वस्तु पुढेंमागें ठेवावयाच्या असतात. यांतील मुख्य युक्ति एका भागाकाराची आहे. वस्तूच्या खऱ्या मापाला तिच्या अंतरानें भागलें कीं ती किती मोठी दिसावी तें कळतें. समजा, रस्त्याच्या कडेला पांच मीटर उंचीचे तीन खांब आहेत. एक आपल्यापासून १० मीटरांवर, दुसरा २० वर व तिसरा ४० वर. भागाकार येतात ०.५, ०.२५ व ०.१२५. त्यांना २०० नें गुणलें, तर पडद्यावर खांबांची उंची अनुक्रमें १००, ५० व २५ बिंदु होईल. खांबांचे पायथेहि त्याच हिशेबानें क्षितिजरेषेकडे चढवीत नेले, म्हणजे रस्ता दूर गेलाच. हा नियम संगणकाच्या फार पूर्वींचा आहे. इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं पंधराव्या शतकांत ब्रुनेलेस्की यानें तो प्रत्यक्ष चित्रांत दाखविला, आणि आल्बेर्ती यानें १४३५ सालीं आपल्या चित्रकलेवरील ग्रंथांत तो शब्दांत मांडला. जो हिशेब चित्रकार दोरी व पट्टी घेऊन दिवसभर करीत असे, तो संगणक एका क्षणांत लाखों वेळां करतो, इतकाच फरक.

खोलीची दुसरी खूण हवेची आहे. पावसाळा सरल्यावर सह्याद्रीच्या एखाद्या घाटमाथ्यावरून पाहिलें, तर जवळची रांग हिरवी, तिच्यामागची निळसर, आणि अगदीं मागची जवळजवळ आकाशाच्याच रंगाची दिसते. आज्ञावलींत हें साधण्यासाठीं वस्तूचा आंकडा व आकाशाचा आंकडा यांचें मिश्रण करतात. जवळच्या झाडाचा आंकडा ६० आणि आकाशाचा २२० असेल, तर मध्यम अंतरावरील झाडाला दोहोंची सरासरी १४० द्यावी. त्याहून दूरच्या झाडांना १८०, २०० असें चढत जावें. मुलांच्या चित्रांत दूरचा डोंगर बहुधा जवळच्या झाडाइतकाच गडद रंगविलेला असतो, म्हणून तो कितीहि लहान काढला तरी मागें जात नाहीं.

परंतु ज्याला आपण पोत म्हणतों त्याचें मर्म अंतरांत नाहीं, उजेडांत आहे. १७६० सालीं योहान हाइनरिख लॅम्बर्ट या गणितज्ञानें प्रकाशमापनावर एक ग्रंथ लिहिला. त्यांतील एक नियम आजच्या असंख्य संगणकचित्रांच्या मुळाशीं आहे. चकाकी नसलेला पृष्ठभाग उजेडाकडे जितका तोंड करून असेल, तितका तो उजळ दिसतो. किरण सरळ अंगावर पडत असेल तर पूर्ण उजेड. पृष्ठभाग ६० अंशांनीं कलला तर उजेड निम्मा. आणि ९० अंशांनीं कलला, म्हणजे किरण नुसता घासून गेला, तर शून्य. ज्या विद्यार्थ्यांस त्रिकोणमिति येते त्यांनीं ओळखलेंच असेल कीं, हा त्या कोनाचा कोसाइन होय.

आतां कागद घ्या. एका ओळींत दहा घरें आंखून त्यांत एका उंचवट्याच्या उंच्या लिहा: २, २, ३, ५, ६, ६, ५, ३, २, २. उजेड डावीकडून येत आहे असें धरा. दुसऱ्या घरापासून आरंभ करून प्रत्येक उंचींतून तिच्या डावीकडील उंची वजा करा. उत्तरें येतील ०, १, २, १, ०, −१, −२, −१, ०. चढ असेल तेथें धन, उतार असेल तेथें ऋण. ह्या प्रत्येक उत्तरास ४० नें गुणून तें १२८ ह्या मधल्या करड्या आंकड्यांत मिळवा. ओळ अशी होईल: १२८, १६८, २०८, १६८, १२८, ८८, ४८, ८८, १२८. आंकडा जितका लहान तितकी पेन्सिल गडद, या मानानें घरें भरा, आणि तीच ओळ खालीं दहा वेळां उतरवा. कागद हातभर लांब धरून डोळे किंचित् मिटून पाहिलें, तर वरवंटा जमिनींतून अर्धा वर आल्यासारखा दिसूं लागेल. लॅम्बर्टच्या नियमाचें हें फार सोपें केलेलें रूप आहे, परंतु डोळ्याला तें पुरतें.

गंमत पुढेंच आहे. ४० च्या मागें ऋणचिन्ह घाला, म्हणजे उजळ बाजू उजवीकडे जाईल व काळी बाजू डावीकडे येईल. आतां हें चित्र कशाचें? उजेड उजवीकडून येत असेल तर त्याच वरवंट्याचें. उजेड डावीकडूनच असेल तर वरवंट्याचें नव्हे, पन्हळीचें. आंकडे दोन्ही अर्थांना सारखेच जुळतात. चित्रांत निर्णय नाहीं. तो पाहणारा करतो, आणि करतांना उजेड नेहमीं वरून येतो ही आपली जन्मभराची संवय तो नकळत वापरतो. चंद्रावरील खळग्यांचें छायाचित्र उलटें धरलें असतां पुष्कळांना खळग्यांच्या जागीं टेंगळें दिसूं लागतात, तें याच कारणानें. म्हणून संगणकचित्रकार उजेड बहुधा वरून व किंचित् बाजूनें घेतात. खोली कांचेंत कोठेंच नसल्यामुळें त्यांना पाहणाऱ्याच्या ह्या संवयींचाच अभ्यास करावा लागतो.

हा हिशेब वक्र वस्तूंवर सुबकपणें बसविण्याचें पुष्कळसें काम अमेरिकेंतील युटा विद्यापीठांत १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत झालें. त्या वेळीं संगणकांत वस्तु लहान लहान सपाट तुकड्यांच्या बनवीत, आणि त्यामुळें गोल चेहराहि पैलू पाडलेल्या खड्यासारखा दिसे. १९७१ सालीं आंरी गुरो यानें तुकड्यांच्या कोपऱ्यांवरील उजेड मोजून मधला उजेड हळूहळू बदलण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यासाठीं त्यानें आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावरच तुकड्यांच्या रेषा आंखून मापें घेतलीं होतीं! व्हिएतनाममध्यें जन्मलेल्या बुइ तुओंग फोंग यानें चकाकीचा हिशेब मांडला. तो १९७५ सालीं छापून आला, आणि त्याच वर्षीं हा तरुण संशोधक वारला. घासलेल्या पितळी तांब्यावर जो एक पांढरा ठिपका चमकतो, तो संगणकचित्रांत आजहि पुष्कळदां त्याच्याच सूत्रानें काढतात.

१९७८ सालीं जेम्स ब्लिन यानें जी युक्ति काढली ती आमच्या मतें सर्वांत चतुर आहे. संत्र्याच्या सालीवरील प्रत्येक खांच खरोखर घडवावयाची म्हटली तर लाखों तुकडे लागतील. ब्लिननें विचार केला कीं, उजेडाच्या हिशेबांत उंची येतच नाहीं, केवळ उतार येतो. मग वस्तु गोल व गुळगुळीतच ठेवावी, आणि उजेड मोजतांना उताराचे आंकडे मात्र थोडे हलवून द्यावेत! डोळा फसतो, व गुळगुळीत गोळा संत्रें बनतो. ही लबाडी पकडावयाची असेल तर वस्तूची कड पाहावी. मधला भाग खडबडीत आणि कड मात्र कंपासानें काढल्यासारखी गोल असेल, तर तेथें ब्लिनची युक्ति योजलेली आहे असें खुशाल समजावें.

मात्र उतार हलवावयाचे ते कोणत्या आंकड्यांनीं, हा प्रश्न उरतोच. आणि त्यालाच लागून दुसरी एक उणीव आहे. केवळ सूत्रांनीं काढलेलें चित्र फारच स्वच्छ दिसतें. १९८२ सालीं 'ट्रॉन' नांवाचा चित्रपट प्रसिद्ध झाला. त्यांत संगणकानें काढलेले देखावे मोठ्या प्रमाणावर होते. त्यांवर काम करणाऱ्या मंडळींत केन पर्लिन हा एक तरुण होता. सगळ्या वस्तु यंत्रांतून नुकत्याच काढल्यासारख्या दिसतात, त्यांवर डाग नाहीं, शीर नाहीं, झीज नाहीं, हें त्याच्या मनाला लागून राहिलें. पुढील वर्षीं त्यानें यावर उपाय शोधला, व १९८५ सालीं तो निबंधरूपानें प्रसिद्ध केला. त्या उपायाला 'नॉईज', म्हणजे गोंगाट, असें कांहींसें थट्टेचें नांव आहे. १९९७ सालीं अमेरिकेंतील ऑस्कर पारितोषिकें देणाऱ्या संस्थेनें ह्याच कामाबद्दल त्याला तांत्रिक पारितोषिक दिलें.

हा गोंगाट कसा करतात तें पाहूं. वेडेवांकडेपणा हवा, तर फांसा टाकून प्रत्येक घरांत येईल ती उंची लिहावी, असें कोणालाहि प्रथम सुचेल. तसें करून पाहा. मिळणारें चित्र दगडासारखें दिसणार नाहीं; जुन्या दूरचित्रवाणी संचावर केंद्र लागत नसतां जी मुंग्यांची वळवळ दिसे, तसें दिसेल. कारण फांशाच्या एका टाकीचा दुसरीशीं संबंध नसतो, आणि सृष्टींत शेजाऱ्याचा शेजाऱ्याशीं संबंध असतो. परमेश्वरानें पिंपळाचीं दोन पानें तंतोतंत एकसारखीं केलीं नाहींत, पण पिंपळाला कधीं आंब्याचें पान आणलेलेंहि कोणी पाहिलें नाहीं. चित्रकाराला हवा आहे तो असा मर्यादेंतला अनियमितपणा.

म्हणून प्रत्येक घरासाठीं नव्हे, तर दर चौथ्या घरासाठीं फांसा टाका. समजा पहिल्या खुंटीला २ पडले व पुढच्या खुंटीला ६. मधलीं तीन घरें ३, ४, ५ अशीं सरळ भरतां येतील. पण मग प्रत्येक खुंटीपाशीं उतार एकदम मोडतो. आणि उजेड उतारावरच अवलंबून असल्यामुळें खुंट्यांची जाळी चित्रांत रेघांच्या रूपानें उघडी पडते. यासाठीं चढ आरंभीं सावकाश, मध्यें जलद व शेवटीं पुन्हां सावकाश असा घेतात. दोन खुंट्यांमधील वाटेचा जितका अंश आपण चाललों असूं त्याच्या वर्गाची तिप्पट घेऊन तींतून त्याच्या घनाची दुप्पट वजा करावी, म्हणजे चढाचा किती अंश चढावा तें मिळतें. पाव वाटेवर हें उत्तर सुमारें ०.१६ येतें, अर्ध्या वाटेवर ०.५, पाऊण वाटेवर सुमारें ०.८४. म्हणजे आपलीं घरें ३, ४, ५ ऐवजीं २.६, ४, ५.४ अशीं भरावयाचीं. पर्लिनच्या मूळ रीतींत खुंटीवर यदृच्छेनें उंची नव्हे तर उतार ठरवितात, व पुढें २००२ सालीं त्यानें चढाचें सूत्रहि सुधारलें. परंतु आरंभीं ही सोपी रीत समजली म्हणजे पुरे.

यानें मऊ टेंकड्यांसारखी एक लाट मिळते. तिच्यावर दुसरी लाट चढवावयाची, जिच्या खुंट्या निम्म्या अंतरावर व उंचीहि निम्मी. मग तिसरी, पाव अंतराची व पाव उंचीची. सर्वांची बेरीज केली कीं मोठ्या आकारावर लहान, आणि लहानावर आणखी लहान अशी रचना होते. डोंगर असाच असतो. सुळक्यावर खडक, खडकावर कंगोरे, कंगोऱ्यावर कण. असल्याच विचारानें, पण निराळ्या गणितानें, लॉरेन कार्पेंटर यानें १९८० सालीं डोंगरांवरून उडत जाण्याची एक लहानशी चित्रफीत केली होती, आणि ती पाहून तज्ज्ञ मंडळीहि थक्क झालीं.

पण गोंगाट नुसता ओतून भागत नाहीं. तो कोठें मिळवावयाचा, हें वस्तु पाहून ठरवावें लागतें, आणि येथेंच खऱ्या चित्रकाराची परीक्षा होते. लांकूड घ्या. खोडांत वर्षागणिक एकेक वलय वाढतें. म्हणून प्रत्येक बिंदूचें खोडाच्या मध्यापासूनचें अंतर मोजावें, त्यांतील पूर्णांक टाकून द्यावा व अपूर्णांक तेवढा ठेवावा. अंतर ३.७ असेल तर ०.७, त्यावरून छटा द्यावी. अशानें नेमबाजीच्या चक्रासारखीं अगदीं गोल वलयें येतात. परंतु पूर्णांक टाकण्यापूर्वीं अंतरांतच थोडा गोंगाट मिळविला, तर वलयें खऱ्या झाडासारखीं कोठें फुगतात, कोठें आंखडतात. छटेंत मिळविला असता तर वलयें गोलच राहून फक्त मळकट झालीं असतीं! संगमरवराचेंहि तसेंच. पट्ट्यांची सरळ नक्षी घेऊन तिला गोंगाटानें ढकलीत नेलें कीं शिरा वळणें घेतात. हा हिशेब लांबी व रुंदीबरोबर जाडींतहि करतां येतो. त्यामुळें फुलदाणी एका अखंड दगडांतून कोरल्यासारखी दिसते, शीर एका बाजूनें आंत जाऊन दुसऱ्या बाजूनें बाहेर पडते.

आपल्याकडील उदाहरण द्यावयाचें तर कोंकणांतील व गोव्यांतील घरांचा जांभा दगड पाहा. त्याचा पोत टेंगळांचा नसून छिद्रांचा आहे. त्याला गोंगाटाची एक मर्यादा ठरवावी, आणि तिच्या खालीं आंकडा गेला कीं तेथें खळगा पाडावा. खादीच्या कापडाला याचा उपयोग नाहीं. तेथें ताणा व बाणा यांची खालींवर होणारी गुंफण अगदीं नियमित असते, आणि अनियमितपणा असतो तो सुताच्या जाडींत. जो आधीं भिंतीपाशीं उभा राहून नीट पाहणार नाहीं, त्याला आज्ञावली कितीहि येत असली तरी जांभा आणि खादी दोन्ही धुक्यासारखींच काढतां येतील. हल्लीं पडद्यावर दिसणाऱ्या पुष्कळ चित्रांचा हाच दोष आहे.

येथें कोणी विचारील कीं, फांसा जर चित्र ठरवितो तर चित्रकार काय करतो? संगणकाचा फांसा खरा फांसा नसतो. त्याला आरंभीं एक संख्या देतात, तिला बीज म्हणतात. आणि तेंच बीज पुन्हां दिलें तर तेच आंकडे त्याच क्रमानें पुन्हां पडतात. त्यामुळें कलावंत शंभर बिजें पेरून पाहतो, आणि जें चित्र मनास येईल त्याचें बीज जपून ठेवतो. मर्यादा घालणारा तोच, आणि निवडणाराहि तोच.

ही शंका नवी नाहीं. १९६५ सालीं जर्मनींत श्टुटगार्ट येथें गेओर्ग नेस यानें संगणकाकडून काढविलेलीं चित्रें प्रथम मांडलीं, तेव्हां जमलेले चित्रकार संतापले, आणि तें प्रदर्शन भरविणारे प्राध्यापक माक्स बेन्स यांना ही 'कृत्रिम कला' आहे असें सांगून त्यांची समजूत घालावी लागली. नेसचें थोडें नंतरचें 'श्कॉटर', म्हणजे खडी, हें चित्र सुप्रसिद्ध आहे. त्यांत बारा बारा चौरसांच्या बावीस ओळी आहेत. वरच्या ओळी शिस्तीनें उभ्या. खालीं यावें तसतसा फांशाचा अधिकार वाढत जातो, चौरस कलतात, सरकतात, आणि शेवटीं गाडींतून ओतलेल्या खडीसारखे एकमेकांवर पडतात. त्यांत छाया नाहीं, रंग नाहीं, केवळ रेषा आहेत. तरी खालच्या चौरसांना वजन आहे असें वाटतें. आम्हांला तर पुष्कळ झगमगीत चित्रांपेक्षां हें अधिक आवडतें. ज्या पालकांस मुलानें गणित करावें कीं चित्रें काढावींत अशी चिंता पडली असेल, त्यांनीं हें चित्र मुलाबरोबर बसून पाहावें व त्यांतील नियम त्यालाच शोधून काढूं द्यावा.

ज्यांना घरीं वा शाळेंत संगणक मिळेल त्यांच्यासाठीं 'प्रोसेसिंग' नांवाचें साधन आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत बेन फ्राय व केसी रीस यांनीं २००१ सालीं तें कलावंतांसाठीं व विद्यार्थ्यांसाठीं सुरू केलें. तें विनामूल्य मिळतें, आणि वर सांगितलेला गोंगाट त्यांत तयारच असतो. परंतु तयार गोंगाटाला हात लावण्यापूर्वीं दहा घरांची आपली ओळ त्यांत लिहून वरवंटा पडद्यावर आणावा. मग वीस घरांच्या ओळींत दर चौथ्या घरीं फांसा टाकून उंच्या घ्याव्यात, व त्यांचे उतार काढून उजेड द्यावा. पुढें एका ओळीऐवजीं वीस ओळी घ्याव्यात. त्या वेळीं डावीकडील घराबरोबर वरचें घरहि वजाबाकींत घ्यावें लागेल, म्हणजे उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यांतून येईल. तो तेथें नीट बसला, कीं मगच त्याला दुसऱ्या कोपऱ्यांत नेऊन पाहावें.